सत्यभामाची सुनावणी

प्रिय सत्यभामा,

तू नर्सिंग शिकायला बीडला गेलीस आणि घर लई मोकळं वाटायला लागलं. तळं यंदाही आटलं. जनावरं चारा छावणीत आहेत, तुझा नवरा बंकट तिथंच राहतो. पण आमची दूध संस्था बंद पडू दिली नाही. सतरा जणी आहोत, सचिव म्हणून धावपळ माझी.

मंगळवारी संस्थेत विमलबाईनं पेपर मोठ्यानं वाचला. अत्याचार झालेल्या बाईला सरकारी मदत ठरवताना खटल्याच्या निकालाची वाट बघू नका, तिची बुडालेली मजुरी, तिचं शिक्षण धरून रक्कम वाढवा, असं तुझ्या सुनावणीनंतर जिल्ह्याच्या समितीनं ठरवलं म्हणे. तुझ्यासोबत आणखी दोघींना पूर्ण मदत मिळाली. नाव छापलं नव्हतं, पण ऊसतोडीवरची बाई म्हटल्यावर सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "बघता काय? माझीच सून हाय ती!"

समितीपुढची तुझी सुनावणी डोळ्यांपुढून हलत नाही. समितीचे साहेब म्हणाले, पुरावा कुठाय, त्या दिवशीची साडी कुठाय? तू म्हणालीस, "धुतली." मग ताठ उभी राहून बोललीस, "मुकादमानं जबरदस्ती केली तवापासून दोन हंगाम मी उसाच्या फडात न्हाई, ते हजेरीत बघा. मला झोप न्हाई, ते माझ्या सासूबाईंना विचारा, मागं बसल्यात." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मला नुसती मान हलवता आली.

साडी कुणी धुतली, ते तू सांगितलं नाहीस. दोन वर्षांत पोलिसांना नाही, बंकटलाही नाही. तू कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, पडून होतीस आणि मी ती साडी ओढून पाटाच्या पाण्यावर नेली, दगडावर घासली. वाटलं, घराची अब्रू वाचवतेय. आता मुकादमाचा वकील कोर्टात साडी नाही हेच धरून बसलाय, की काही घडलंच नव्हतं. म्हणून हे पत्र. सोमवारी केजला जाऊन सरकारी वकीलबाईंना सांगणार आहे, की साडी मी धुतली आणि तिच्यावरचं रक्त मी पाहिलं. काल बंकटला सांगितलं. तो म्हणाला, "मी नेतो तुला." कोर्टात ऐकण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, एवढंच.

तुझीच सासू,
मुक्ताबाई