गाडीचा डिस्प्ले, रविवारपर्यंत

सोमवार, ६ ऑक्टोबर

अडलं शेवटी रेडिओच्या डिस्प्लेवर! इंजिन बघितलं, टायर बघितले, खाली वाकून पत्रासुद्धा बघितला, सगळं पसंत. काचेवर आकडे येत नाहीत म्हटल्यावर मात्र गिऱ्हाइकाचा, म्हणजे ज्ञानदेवभाऊंचा, चेहरा उतरला. "गाडी पुरात उभी नव्हती ना, राव?" चिखलीत आमच्या उंचावर कसला पूर! "नवा टेप बसवून झाकू नका. हाय तोच चालू करा, रविवारी गाडी घेऊन जातो."

सासऱ्यांची गाडी. ते गेल्यापासून दोन वर्षं अंगणात उभीच. माझा नवरा रोहिदास आठवड्यातून एकदा चालू करतो तेवढीच. ती गेली की माझी स्कूटर येणार — चाकणच्या बसमागे धावणं बंद, त्याला "सोड ना रे" म्हणणं बंद! गणपतीत विषय निघाला तेव्हा सासूबाईंनाही विचारलं होतं. म्हणाल्या, "तुमी बगा." म्हणजे होच की.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

रोहिदास म्हणतो, "कंपनीत सोल्डरिंग करतीस म्हणून मेकॅनिक झालीस व्हय?" झाले! आठ वर्षं रोज शेकड्यांनी बोर्ड हाताखालून जातात. फरक एवढाच — तिथे खराब निघाला की लाल पट्टी लावून डब्यात टाकायचा. दुरुस्त करायला कुणी शिकवलंच नाही. आता बघतेच.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सुट्टी. आधी बॅटरीची वायर काढली, मग सेट बाहेर ओढला. चार स्क्रू, त्यातला एक सीटखाली गडप. अर्धा तास गेला शोधण्यात.

आतला बोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला. डिस्प्लेकडे जाणाऱ्या पट्टीवर लालसर, चिकट थर. कुंकू! आणि नारळाचं पाणी! दसऱ्याला सासूबाईंनी एकटीनंच गाडी पुजली, तेव्हा फटीतून आत गेलं असणार. पूजेला बसल्या की त्यांचा हात मुळीच आखडत नाही.

त्यांना सांगणार नाही. उगाच जिवाला लावून घेतील.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश. लख्ख पुसलं, जोडलं. अंधार.

शनिवार, ११ ऑक्टोबर

भिंगातून बघितलं — तांब्याच्या दोन रेघा खाल्ल्या गेल्यात. शिफ्टवरून येताना वाकडी वाट करून पिंपरी कॅम्पात गेले, केसाएवढी बारीक वायर आणली. पहिल्या टाक्याला आकड्यांचं वरचं अर्धं उजळलं. सासूबाई दारात उभ्या. "ऱ्हाऊ दे की आता. डोळं जात्याल." म्हटलं, आता तर मुळीच नाही सोडणार!

दुसरा टाका दोनदा निसटला, बोट भाजलं. तिसऱ्यांदा बसला — आणि डिस्प्ले पेटला! निळे आकडे, सगळेच्या सगळे! मी तर ओरडलेच. रोहिदासनं दोनदा बंद-चालू करून बघितलं आणि स्क्रू गोळा करून माझ्या हातात दिले. मला तेवढंच हवं होतं. इतका आनंद कंपनीत एकदाही झाला नव्हता. सासूबाई मात्र जेवल्या नाहीत, भूक नाही म्हणाल्या.

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळी सासूबाई गाडीत सापडल्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. "पानी मीच वतलं हुतं, पूनम. मुद्दाम." मग — "घरात त्यांच्या शेजारी कदी बसले न्हाई. मोठी मानसं असायची. हितंच काय ती बसले."

ज्ञानदेवभाऊंना फोन केला. म्हटलं, येऊ नका. डिस्प्ले काही मला जमला नाही.