जवायाचा पाय ओलांडत नाहीत

भद्रावती,
रविवार, ता. २ फेब्रुवारी २०२५

सकाळच्या बसने चंद्रपूरला गेलो. वृद्धाश्रमात गुणवंतरावांना भेटलो. दुपारी परत आलो. चहा केला, सांडला, पुन्हा केला. बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं आहे.

सौ. साधनाबाई यांस,

गोपालचा नमस्कार. घरी सर्वांची खुशाली कळवावी. तुमच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार हे सर्वात आधी कळवावं, कारण पुढचं बरंचसं त्यावरच आहे. (खाज सुटली तर आत काही घालू नका. माजरीच्या खाणीत आमच्या टाइम ऑफिसातल्या एकाने फूटपट्टी घातली होती, ती प्लास्टरबरोबरच निघाली.) माझी तब्येत बरी आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "बोला भाऊजी" म्हणता आणि मला काही सुचत नाही. मग तुम्हीच "जेवले का?" विचारता, मी हो म्हणतो आणि आपलं बोलणं संपतं. कागद असं काही विचारत नाही.

तर तुमच्या भावाबद्दल. गुणवंतरावांचा कंपवात वाढला आहे. हाताची थरथर आता जुनी झाली, तिचं कोणी काही मानत नाही. आवाज मात्र फार खाली गेला आहे, आणि चेहरा हलत नसल्यामुळे त्यांनी थट्टा केली तरी रागावल्यासारखे दिसतात. मागच्या रविवारी मला म्हणाले, "पावने, तुमी लय वाळून राह्यले. आमच्या राईस मिलच्या चाळनीतून खाली पडाल." मी दिवसभर ते मनाला लावून घेतलं. नंतर सोमारीने सांगितलं की ते हसत होते. (सोमारी म्हणजे आश्रमात त्यांच्या वऱ्हांड्याचं सगळं बघणारी बाई. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं हसू डोळ्यांच्या कडेला शोधायचं असतं. मी शोधायला लागलो तर ते म्हणाले, "काऊन एवढं पाहून राह्यले?")

खरी अडचण पायांची आहे. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, आणि दारात तर हमखास. अंग पुढे जायला बघतं, पाय जागचे हलत नाहीत. आश्रमाचा नियम असा की जेवणघरापर्यंत आपल्या पायांनी येईल त्यालाच ठेवायचं, अंथरुणाला खिळलेल्यांचं करायला तिथे माणसं नाहीत. मॅनेजर इसरूभाऊ वाईट माणूस नाही, पण पुढच्या रविवारी कमिटी येणार आहे आणि कमिटी नेमकी जेवणघराच्या दारात खुर्च्या टाकून बसते. मी गुणवंतरावांना म्हटलं, माझ्याकडे चला, घर रिकामंच आहे. ते म्हणाले, "बहीन होती तवा तिच्या घरचं पानी नाई पेलो. आता राहाले येऊ?" तुम्ही बोलून बघा म्हणालो असतो, पण दिलेल्या बहिणीचं घर म्हणून तुमच्याही घरचं पाणी ते पीत नाहीत.

हिच्याबरोबर मात्र ते चालायचे. ही दर रविवारी त्यांना खोलीतून काढून थेट पाटावर नेऊन बसवायची. (मी तेव्हा फाटकाबाहेर टपरीवर पेपर वाचत असायचो.) कसं चालवते हे विचारायचं राहून गेलं. आता ही जाऊन चौथा महिना लागला.

व्यायाम शिकवायला डॉक्टरबाई येतात, त्यांनी एक उपाय सांगितला. फरशीवर आडव्या रेघा मारा, रेघ दिसली की ती ओलांडायला पाय आपोआप उचलतो. उपाय चांगला होता, पण खडू मिळेना. सोमारीने रेघा रांगोळीने मारल्या. हात चांगला आहे तिचा, शेवटी शेवटी तिने कडेला दोन कमळंही काढली. गुणवंतराव आले आणि पहिल्याच रेघेपाशी थांबले. चुकून रांगोळीवर पाय पडला तर? त्यांच्यामागे शेजारच्या खोलीतल्या गुलाबबाई थांबल्या, त्यांच्यामागे अख्खा वऱ्हांडा थांबला, ज्यांचे पाय ठणठणीत आहेत तेही. मागून कोणी तरी विचारलं, "कोनाचं लगन हाय?" इसरूभाऊ काय झालं बघायला निघाला तो भिंतीला चिकटून कडेकडेने आला. पोहे गार झाले. शेवटी सोमारीने झाडू फिरवला तेव्हा सगळे चालू लागले, गुणवंतराव सोडून.

हे मागच्या रविवारचं. आज सोमारी सहज बोलून गेली, "बाई आपला पाय टाकत होत्या ना त्याइच्या पुढं. ते ओलांडत. मंग दुसरा पाय. असं जेवनघरापर्यंत, भांडत भांडत." मी विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलं? ती म्हणाली, "मले वाटलं, तुमाले घरचं माहीत असन."

म्हटलं, मग हे तर सोपं आहे. मी गुणवंतरावांसमोर उभा राहिलो आणि माझा उजवा पाय त्यांच्या पायापुढे आडवा टाकला. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू वाकू लागले. मला वाटलं तोल चालला, मी धरायला वाकलो आणि आमची डोकी आपटली. ते नमस्कार करत होते. साधनाबाई, लग्नात तुमचे वडील नव्हते म्हणून माझे पाय पितळी परातीत त्यांनीच धुतले होते, तुम्हाला आठवत असेल. (पाणी फार गार होतं.) आता ते पाय ते ओलांडणार कसे? मी डावा टाकून पाहिला. त्यालाही नमस्कार झाला. सोमारी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. तिने स्वतःचा पाय पुढे केला तर त्यांनी मान फिरवली, परक्या बाईचा पाय म्हणून. तुमचा चालला असता, तुम्ही धाकट्या बहीण, पण तो प्लास्टरमध्ये आहे. (वर म्हटलं ते हेच.)

काठी टाकली तर ती त्यांनी सोमारीला उचलायला लावली, कोणी तरी अडखळून पडेल म्हणून. शेवटी मी माझी एक चप्पल काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते पुन्हा वाकले. ती उचलली आणि कडेला माझ्या दुसऱ्या पायाशी नीट लावून ठेवली. वाकूनच काही तरी बोलले. मी कान खाली नेला.

"तुमची नाई, पावने. तिची आना."

मी हो म्हणालो.

येताना बसस्टँडजवळच्या चपलांच्या दुकानात गेलो. हिच्या होत्या तशाच तपकिरी, पट्ट्याच्या मिळाल्या. दुकानदाराने बाईंचा नंबर विचारला, मी सहा म्हणालो. त्याने जोड काढून दिला. मी उलटा करून पाहिला. तळ कोरा होता. हिच्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजायची, तुम्हाला माहीतच आहे. नंतर येतो म्हणून बाहेर पडलो. तोवर बस गेली होती. पुढची येईपर्यंत स्टँडवर फेऱ्या मारत राहिलो.

बाकी सर्व ठीक आहे. थंडी उतरली. चि. आदेशला आशीर्वाद. हे पत्र पोस्टाच्या भरवशावर न सोडता उद्या तुमच्या मूल गावाला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे देतो.

आपला,
गोपाल

ता. क. तेरवीनंतर तुम्ही हिचं कपाट आवरून दिलं, तेव्हा दारातल्या चपलाही पिशवीत घालून नेल्या. मला विचारलं होतं, मीच मान हलवली होती. त्या तुमच्या कामवाल्या कलाबाईला दिल्या, असं मागे फोनवर म्हणालात. तिला माझा नमस्कार सांगून परत मागाव्या. तिला मी नव्या घेऊन देतो, तिच्या पसंतीच्या. शनिवारच्या आत चंद्रपूरकडे येणाऱ्या कोणाच्याही हाती पाठवा. चपला पुसू नका, आहेत तशाच असू द्या.

ता. क. दुसरं. गुणवंतरावांना तशी एकच पुरेल. पुढे ठेवायची, ते ओलांडून गेले की सोमारीने उचलून पुन्हा पुढे ठेवायची. तरी दोन्ही पाठवा.

ता. क. तिसरं. आत्ता उठून दाराशी गेलो होतो. माझ्या चपला मधोमध पडल्या होत्या, त्या भिंतीकडे सरकवून ठेवल्या, शेजारी आणखी एक जोड मावेल अशा.