शेपटातला ताईत

प्रिय दादा,

तुझ्या बर्फातल्या चौकीवर फोन लागत नाही, ते एका अर्थी बरंच. आवाजावरूनच तू मला पकडलं असतंस. मी बरी आहे, जेवते, साताऱ्याचं पाणी मानवलंय. पण परवा माझ्या हातून एक चूक झालीय बघ.

आण्णा कडेगावभर सांगत फिरतात, आमची पोरगी इमान बनवती म्हणून. कसलं विमान! सांगलीच्या कॉलेजनं इंटर्नशिपला धाडलंय, ते इथल्या एका लहानशा कारखान्यात. तिथं हेलिकॉप्टरचं शेपूट जोडतात. माझा हात बारीक, म्हणून अरुंद पोकळीत तो घालून पत्रे जोडायचे रिव्हेट धरायचं काम माझ्याकडं. आमच्या राजेश्वरी मॅडम लय कडक. जोडणीच्या खोलीत अंगठी नको, घड्याळ नको, साधा धागासुद्धा नको. स्वतःचं मंगळसूत्रही त्या बाहेर कपाटात ठेवून येतात. आत एक मणी जरी राहिला आणि उडताना पंख्याच्या दांड्यात जाऊन अडकला, तर पायलटच्या हातात काही राहत नाही, म्हणतात.

मी सगळं काढलं, एक सोडून. तू निघालास त्या दिवशी आईनं आपल्या दोघांच्या दंडाला तांब्याचे ताईत बांधले होते ना? दादा रजेवर घरी येईस्तवर दोगांनीबी सोडायचा न्हाई, असं बजावलं होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुला कितीदा ऐकवलंय मी! पण सोडायला हातच धजेना रे. मी सोडला आणि तिकडं तुला काही झालं तर? म्हणून बाहीखाली लपवला.

परवा काम सुटताना बाहीतून नुसता दोरा पडला. बूट झटकले, फरशी चाचपली, बॅटरी मारून पोकळीत पाहिलं. नाही! आतल्या कोपऱ्यातच कुठंतरी गेलाय ताईत. काल दोनदा मॅडमपर्यंत जाऊन मागं फिरले. सांगावं तर जोडलेलं सगळं उकलावं लागणार, मला हाकलणार, वर्ष बोंबलणार आणि आण्णांचं इमान गावात जमिनीवर येणार. आज रविवार आहे. उद्या झाकण बसवून ते शेपूट पुढं पाठवतील.

सारखं एकच मनात येतं, त्या हेलिकॉप्टरात बसणार कोण? तुझ्यासारखेच कुणाचे तरी दादा, बर्फातून रजेवर निघालेले. कदाचित तूच. त्यांच्याही आयांनी काहीबाही बांधलं असेलच की.

पाकिटावर तिकीट लावलंय. कोपऱ्यावरच्या पेटीत हे टाकते आणि तशीच गोडोलीत मॅडमच्या घरी जाते. पेटीत पडलेलं पत्र परत काढता येत नाही, म्हणून तर आधी तुला लिहायला बसले. तुला कळणार म्हटल्यावर आता मला माघार नाही. लय भीती वाटतीय, दादा. माझा तर सुटला. तू मात्र तुझा सोडू नकोस.

तुझीच,
शिवांजली