टहलराम वल्द खूबचंद, हजर

१८ नोव्हें. १९४८, गोंदिया
आज नळावर मारामारी. केली मीच. निर्वासितांच्या गोदामापुढं म्युनिसिपल कमेटीनं नवा नळ दिलाय, तिथं एका मिलवाल्या गड्यानं गोदामातल्या ईश्वरीची बादली लाथेनं सरकवली. माझा हात सुटला. त्याचा ओठ फुटला, माझा सदरा फाटला. वाटलं, आता तरी ती बघेल. बघितलं. म्हणाली, "बाबूजी, हमारे लिए मत लड़ो. आप तो घर चले जाओगे, हमको इसी नल पर रोज आना है."
दिवसभर कान गरम.
जेवताना मामा : "नागपूरले कॉलेजात सुपरिटेंडंटच्या अंगावर गेला, इंटर सोडून आला. म्या हातापाया पडून कमेटीत चिकटवला. आता इथूनबी हाकलून घेतं काय बे?"
बादली तिचीच होती, एवढं मात्र खरं.

२१ नोव्हें.
नव्या रजिस्टरात सगळी सिंधी कुटुंबं उतरवून राहिलो. गोदाम विडीच्या तंबाखूचं. रिकामं होऊन किती वर्षं झाली, पण तंबाखू भिंतीत मुरलाय. सकाळी सगळा सिंध एकदम शिंकतो. एक म्हातारा म्हणाला, "सरकार ने छत दी बाबूजी, छींक मुफ्त में."
ईश्वरीचं कुटुंब म्हणजे ती आणि आई जमनाबाई. कराचीच्या बंदरावर बापानं दोघींना जहाजात बसवलं आणि आपल्या आंधळ्या बहिणीला आणायला तो परत शिकारपूरला गेला. पुढच्या जहाजानं येतो म्हणाला. दहा महिने झाले.
विचारलं, कुटुंबप्रमुख? जमनाबाईनं खणखणीत सांगितलं, "टहलराम वल्द खूबचंद." मग, हजर की गैरहजर? तिनं लेकीकडं बघितलं. ईश्वरी म्हणाली, "आ रहे हैं."
असा रकाना रजिस्टरात नाही. कोरा सोडला.

२९ नोव्हें.
वरून हुकूम. आमचे बडे बाबू तिवारीजी चष्मा पुसत वाचून दाखवत होते. ज्या घरात कर्ता पुरुष हजर नाही त्या बायकांना जबलपूरकडच्या महिलाश्रमात पाठवायचं. आठ दिवसांत. आपल्याकडे अशी तीन घरं.
तिसरं घर कोणतं ते विचारायची गरज नव्हती.
तिवारीजी पान खायला गेले. मी रजिस्टर उघडलं. कोऱ्या रकान्यात लिहिलं : हजर. अंगठ्याच्या जागी माझाच अंगठा उठवला, डावा. पाच मिनिटंही लागली नाहीत. तिवारीजी आल्यावर म्हणालो, तीन नाही, दोनच घरं. त्यांनी रजिस्टर बघितलं, "अच्छा, आ गया वो?" म्हणाले आणि पुढचा कागद घेतला.
छातीत अजून धडधड. पण भीतीची नाही. काहीतरी मोठं केल्यासारखी.

५ डिसें.
दोन घरं गेली. पॅसेंजरच्या डब्यात बायका खिडकीशी, लेकरं मांडीवर. ईश्वरी फलाटावर हात हलवत उभी. परतताना म्हणाली, "हमको क्यों नहीं भेजा?"
"मी साहेबांना सांगितलं," म्हणालो.
ती थोडं चालली आणि म्हणाली, "आप गुस्सा ही नहीं करते, काम भी करते हो." संध्याकाळी आईच्या हातचे दोन पापड पाठवले. मी ते मामीला दाखवलेसुद्धा नाहीत.
गावाहून, नवेगाव बांधहून, वडिलांचा निरोप : धान कापायला ये, माणसं मिळत नाहीत. नाही जाणार. कळवलंही नाही.

२० डिसें.
महिन्याची यादी. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी लागू नये म्हणून आमची यादी बाकीच्या कँपांना जाते, त्यांच्या आमच्याकडे येतात. सात प्रती मीच काढल्या. तिवारीजी अक्षरावर खूष.
टहलरामचं नाव सात वेळा लिहिलं. तिसऱ्या वेळेपासून असा माणूस खरंच गोदामात राहतो असं वाटायला लागलं. अंगानं उंच, थोडा वाकलेला. मीच त्याला घडवून राहिलो.

१६ जाने. १९४९
कमेटीच्या बायकांचं ठरलं, सिंधी बायकांसाठी संक्रांतीचं हळदीकुंकू. शनिवारी, राईस मिलच्या अंगणात. मामी पुढारी. मला म्हणते, "तुह्या रजिस्टरातून यादी काढून दे. ज्यायचे मालक हजर हायेत त्यायलेच बोलवाचं. इचारत बसलं आन् एखादी विधवा निघाली त भलतंच होईल. आपल्यालेबी वाईट वाटंल, तिलेबी."
म्हणालो, सगळ्यांनाच बोलवा की. "हळदीकुंकू हाये ते, बाजार नोहे."
जमनाबाईचं नाव गाळलं तर तिवारीजी रजिस्टर उघडतील. यादीत घातलं. असो, तिळगूळ खाईल, घरी जाईल. तिला कुठं आपलं हळदीकुंकू कळतंय!

२२ जाने., शनिवार
जसं झालं तसं लिहितो.
मांडव छान. तिळगुळाची परात धरून मी खांबाशी उभा. सिंधी बायका नटून आल्या होत्या, हसत होत्या. "ये क्या, इधर होली जनवरी में?" आमच्या बायकाही हसल्या. कमेटीच्या अध्यक्षीणबाई एकेकीला हळद लावत, कुंकू लावत, सुईदोऱ्याचं वाण देत पुढं येत होत्या. जमनाबाईपाशी आल्या. तिनं दोन्ही तळवे कपाळावर दाबले.
"मुझे नहीं, बहनजी. मुझे पता नहीं."
अध्यक्षीणबाई आधी गोंधळल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं. कंबरेची यादी काढली आणि बोट ठेवलं. "पता काऊन नाही? ये देखो. टहलराम, हजर. कमेटीचं रजिस्टर आहे बाई, खोटं कसं असेल?"
"सरकार के पास लिखा है?"
"लिखा है."
जमनाबाईनं हात खाली घेतले. कपाळ पुढं केलं. कुंकू टेकलं आणि ती जी रडली... असं रडणं मी ऐकलं नव्हतं. अध्यक्षीणबाईंच्या गळ्यात पडली. गावच्या बायकाही रडायला लागल्या. मामी पदरानं डोळे पुसत मला म्हणते, "असा कारेक्रम गोंदियात झाला नाई रे कधी!"
परात माझ्या हातात. परातीपलीकडून ईश्वरी बघून राहिली होती.
मांडवाबाहेर गाठलं तिनं. "बाबूजी, सच है?"
आता सांगायला पाहिजे होतं. इथंच.
"वर असेल काही बातमी," मी म्हणालो. "मी फक्त नकलून घेतो."

२७ जाने.
जमनाबाई रोज कचेरीत. पायरीवर बसते. "पुट, पूछा क्या? कहाँ पर है? किस गाँव में?" पुट म्हणजे मुलगा. मी म्हणतो, विचारलंय. ती म्हणते, सरकारचं काम मोठं, वेळ लागतो. आणि रागावत नाही. रागावली असती तर बरं होतं.
ती दोन घरं आठवतात. त्यांच्यासाठी 'हजर' लिहायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

३ फेब्रु.
मुंबईकडच्या एका कँपातून पत्र. तिवारीजींनी माझ्यापुढं टाकलं, "जवाब लिख दो, दो लाइन का."
मजकूर असा. डिसेंबर अखेरीस टहलराम वल्द खूबचंद, शिकारपूर, असं नाव सांगणारा इसम कँपात आला. बायको व मुलीचा शोध घ्यावा म्हणत होता. सोबत एक आंधळी बाई. परंतु आपल्या यादीत सदर इसम गोंदिया येथे हजर दाखवला असल्यानं त्याचं सांगणं खोटं धरून नाव नोंदवलं नाही. आपल्याकडील इसम खरा असल्याची खात्री कळवावी.
आंधळी बाई.
पुन्हा वाचलं. पुन्हा. अक्षरं जागची हलेनात.
तिवारीजी : "लिख दो, हमारावाला असली है. ऐसे बहुत घूमते हैं."
मी दौत घेतली. लिहिलं नाही. पोटात दुखतं सांगून उठलो आणि पत्र खिशात घालून स्टेशनच्या पुलावर जाऊन बसलो.
माणूस जिवंत होता. आला होता. दारात उभा होता. आणि माझ्या चांगल्या अक्षरानं...

४ फेब्रु.
सांगितलं. आधी ईश्वरीला. नळापाशीच, दुपारी, कोणी नव्हतं तेव्हा. पत्र वाचून दाखवलं, मग रजिस्टरचं. सगळं. आश्रमाचा हुकूम, कोरा रकाना. का केलं तेही. इतके महिने जे मनात घोळवलं ते असं, चोरीच्या कबुलीसारखं बाहेर पडलं.
तिनं मध्ये एकच विचारलं. "अंगूठा किसका?"
मी डावा हात पुढं केला. ती बघत राहिली. वाटलं, थुंकेल. मारेल. मी गाल तयार ठेवला होता.
"बाबा झगड़ा नहीं करते," ती म्हणाली. "कोई ना कह दे, तो हाथ जोड़कर निकल जाते हैं. दोबारा नहीं पूछते."
बादली भरायची राहिली. तशीच गेली.

५ फेब्रु.
तिवारीजींना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "बेटा, तुम जेल जाओगे, मुझे भी ले जाओगे." पान तोंडात टाकलं. शेवटी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं : गोंदियाची नोंद चुकीनं झाली, रद्द समजावी, सदर इसम पुन्हा आल्यास दाखल करून घ्यावा. माझ्याकडं न बघता, "कल से मत आना." आणि मग, "एंट्री रद्द हुई, तो वो दोनों अब आश्रम की लिस्ट में. समझे?"
हे मी धरलंच नव्हतं.
मामा ताटावरून उठून गेला. मामी तेवढी म्हणाली, "त्या बाईले म्या सोता अध्यक्षीणबाईपुढं बसवलं रे..." आणि चुलीकडं गेली.

६ फेब्रु.
गोदामात गेलो. ईश्वरीनं आईला सांगितलंय. किती, ते कळेना. जमनाबाई बोचकं बांधून राहिली होती. मला बघून उठली, दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं. "देखा? लिखा था ना! दिसंबर में वहीं थे. बहन को भी ले आए." नाकारलं, हे तिच्यापर्यंत पोचतच नाही. किंवा पोचलंय आणि ती त्याला जागा देत नाही.
आश्रमात जाणार नाही म्हणाली. त्याच कँपात जाणार. आणि मला, "तू चल साथ. तूने ढूँढा, तू ही दिखा."
मी ईश्वरीकडं बघितलं. तिनं मानेनं ना हो म्हटलं, ना नाही.
घड्याळ विकलं. तिकिटं तीन.

७ फेब्रु., गाडीत
पुलगाव गेलं. हलतंय, अक्षर बघवत नाही.
कँपातून तो कुठं गेला हे पत्रात नव्हतं. सहा आठवडे होत आले. आंधळ्या बहिणीला धरून माणूस किती लांब जाऊ शकतो? फार नाही. की फार?
ईश्वरी समोर, खिडकीकडं तोंड. जमनाबाईनं पोळीचे तीन वाटे केले, तिसरा माझ्या हातात दिला. नको म्हणता आलं नाही. खाता खाता विचारते, "पुट, दुबले तो नहीं हो गए होंगे?"
ईश्वरीची मान वळली. मी काय म्हणतो ते बघायला.
"मालूम नहीं, अम्मा."
जमनाबाई हसली, लेकराच्या गमतीला हसावं तशी. "तुझे नहीं मालूम? तो किसको मालूम होगा? तूने ही तो लिखा था."