गोठ्यातली चूल

अहो,

लातूर जिल्हा झाला अन् तुम्हाला लई कायदे कळायला लागले. पोरगा सांभाळत असंल तर म्हातारीला निराधाराचा पगार मिळत न्हाई, म्हणून बैल विकून रिकाम्या झालेल्या गोठ्यात अव्वाची वेगळी चूल मांडली. तलाठी बघून जाईपर्यंतच, असं तुम्हीच म्हणाला होता. तलाठी बघून गेला, पगारबी सुरू झाला. तरी तुमची सख्खी आई अजून तिथंच एकटी भाकरी थापतीय. दुष्काळात घरातलं एक ताट कमी झालं, तेच तुम्हाला गोड लागलं.

मी लेकरं अन् पिठाचा डबा घेऊन गोठ्यात चालले. घरातली चूल विझवलीय. आता तुम्हाला सांभाळणारं कुणी न्हाई. उद्या कचेरीत जाऊन सोताचाच अर्ज भरा.

उमादेवी