मनस्वीच्या जागेवरचा आवाज

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

नाही म्हणजे नाही! मनस्वी कुठेही जाणार नाही.

आज मुख्याध्यापक अविनाश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "रुचिरा मॅडम, नववीच्या त्या मुलीला दिसत नाही. आपला कॉम्प्युटर तिला कसा जमणार? जूनपासून मुंबईला अंध मुलींच्या वसतिगृहात पाठवू. वडील तयार आहेत."

का नाही जमणार? पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आपल्या लॅबच्या सिस्टिममध्ये, लिनक्समध्ये, फुकट मिळतो. मराठीसुद्धा वाचतो! अडलंय ते फक्त आवाजावर. लॅबमधले खोके नुसते नावाचे कॉम्प्युटर. आत डिस्क नाही, काही नाही. सगळं चालतं एका मोठ्या कॉम्प्युटरवर, सर्व्हरवर, आणि सर्व्हर सरांच्या केबिनमध्ये, कारण एसी तिथेच. त्यामुळे चित्र मुलांसमोर आणि आवाज सरांसमोर!

सर म्हणाले, "शनिवारी चौदाला संस्थेची मीटिंग आहे. तोवर करून दाखवा. नाहीतर विषय संपला."

दाखवतेच.

५ डिसेंबर

वरदला फोन केला. खोके त्यानेच विकलेत आपल्याला. "मॅडम, लिनक्सवर साउंड म्हणजे डोक्याला शॉट. सगळं काढून नवीन घ्या ना!"

घ्या म्हणे! ठेवून दिला फोन.

७ डिसेंबर

आज मनस्वीला सरावाला बसवलं. म्हटलं, ऐकू येऊ दे न येऊ दे, बोटांना तरी सवय होईल. तिकडे केबिनमध्ये सर पाहुण्यांबरोबर चहा घेत होते आणि सर्व्हर ठणाणा ओरडत होता — "क, ख, ग, बॅकस्पेस, बॅकस्पेस!"

सरांनी स्पीकरची वायरच उपटली. मला हसू आवरेना. त्यावर वेगळी बोलणी खाल्ली.

१० डिसेंबर

आवाज केबिनमधून निघाला! लॅबमध्ये आला! पण सगळाच्या सगळा पहिल्या खोक्यात. कोणाचं गाणं, कोणाचा गेम, मनस्वीचं क-ख-ग — नुसती भाजी मंडई. चूक माझीच. पहिल्या खोक्याचं सेटिंग जमलं म्हणून आळशासारखं तेच सगळीकडे चिकटवलं, त्या खोक्याच्या नेटवर्कवरच्या पत्त्यासकट. सर्व्हर बिचारा सगळ्यांचा आवाज त्या एकाच पत्त्यावर पाठवत बसला.

बावळट कुठली!

११ डिसेंबर

जमलं!!! प्रत्येक खोक्याला त्याचा स्वतःचा पत्ता दिला, आता ज्याचा आवाज त्याच्या खोक्यात. मनस्वीने हेडफोन लावला, एक बटण दाबलं. मग म्हणते, "मॅडम, या बाईला सर्दी झालीय काय?"

आवाज यंत्राचा आहे, नाकातलाच येणार. पण तिच्या कानात आला! पुढचा तास मी तिच्या शेजारून हललेच नाही. बाकीच्या वर्गाने काय केलं, देव जाणे.

१३ डिसेंबर

मनस्वीचे वडील, शिवा, उरणजवळच्या करंजाहून आले होते. ती इथे पनवेलला मावशीकडे राहते. ते स्वतः बोटीवर असतात, सहसा येत नाहीत. म्हणाले, "सर बोलले हितं जमनार नाय, म्हनून आमी हो बोललो. आता जमतंय तर कशाला धाडू?"

एक माणूस फुटला! उद्या बाकीचे.

१४ डिसेंबर, शनिवार

मीटिंग. मनस्वीने सगळ्यांसमोर धडा उघडला, दोन ओळी टाइप केल्या, चुकली, ऐकून दुरुस्त केलं. वसुंधराताई संस्थेच्या अध्यक्षा. त्यांनी सरांकडे नुसतं पाहिलं. सर घसा खाकरून म्हणाले, "राहू दे मग इथेच."

राहू दे काय, राहणारच! घरी येताना पेढे घेतले.

१६ डिसेंबर

तिला पेढा दिला. तो हातात धरून म्हणाली, "मॅडम, मला तिकडं मुंबईला जायचंय. तिथं माज्यासारख्या पोरी हायत. आदी भीती वाटायची, कायच येत नाय तर जाऊन काय करू? आता येतं."

इतक्या दिवसांत तिला कोणी विचारलंच नव्हतं. सरांनी नाही, वडिलांनी नाही. मीही नाही.

रडू आलं. रागही आला, कोणाचा ते कळेना.

उद्या पुन्हा सरांच्या केबिनमध्ये. भांडायला. तिला पाठवा म्हणून.