दिवसा वाचलेली कादंबरी

४ नोव्हेंबर १९६३
एक कोडे वाचकांच्याही लक्षात आले असेल. गोष्ट सांगायची म्हटली की लोक दिवेलागणीची वाट का पाहतात? दुपारी उजेड असतो, निवांतपणा असतो, ऐकणारेही हाताशी असतात. तरी गोष्ट रात्रीचीच.

आज दारव्ह्याहून बैलगाडीने या तांड्यावरील एकशिक्षकी शाळेत रुजू झालो आणि पहिल्याच तासात कोड्याचे उत्तर मिळाले. शाळेशेजारी हरिसिंग आणि लालीबाई यांचे घर आहे. माझे जेवण त्यांच्याकडे. दिवाळीच्या सुटीत गावी न जाता येथेच राहून कादंबरीलेखन शिकणार, रोज लिहिलेले दुपारी मोठ्याने वाचणार, असे मी सांगताच लालीबाईंच्या हातातली भाकर परातीतच राहिली. “मास्तर, दिवसा गोष्ट नोका सांगू. मामा वाट चुकते.” ज्याच्या कानावर दिवसा गोष्ट पडते त्याचा मामा घरी येताना रस्ता हरवतो, असा समज. मी त्यामागचे शास्त्र उलगडून दाखवले: दिवसा गोष्टी रंगल्या तर शेतीची कामे पडून राहतील, म्हणून पूर्वजांनी ही भीती घातली. हरिसिंग हसून म्हणाले, “मास्तरले मामा नसन, म्हणून जमते.” मलाही हसू आले. हवा उत्तम, खोली स्वच्छ, मन प्रफुल्लित.

८ नोव्हेंबर
कादंबरीचा पहिला पाठ मी असा मांडतो. नायकाला काहीतरी हवे असले पाहिजे आणि लेखकाने त्याची वाट अडवत राहिले पाहिजे. माझा नायक उकंडा हा गाडीवान घरी परतायला निघाला आहे. पहिल्या प्रकरणात त्याच्या गाडीचा आस मोडला. दुसऱ्यात तो तीन वाटांच्या फाट्यावर आला आणि तिन्ही वाटा त्याला सारख्याच दिसू लागल्या.

आज दुपारी शाळेच्या ओसरीवर दोन्ही प्रकरणे वाचली. देवीलाल या वृद्ध गृहस्थांनी हुंकारा दिला. ही पद्धत प्रत्येक लेखकाने समजून घ्यावी अशी आहे. वाक्य संपले की ऐकणाऱ्यांपैकी एकाने ‘हूं’ म्हणायचे. ‘हूं’ आले म्हणजे वाक्य पोचले; न आले तर ते खोडावे. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने मला इतके शिकवले नाही.

पहिले प्रकरण संपले तेव्हा लालीबाई मात्र धावत आल्या आणि ऐकत बसलेल्या लेकीचे, जमनीचे, कान झाकून तिला घरात घेऊन गेल्या. जमनीचा मामा धरमसिंग नेरच्या कापूस बाजारात हमाली करतो आणि दिवाळीला येणार आहे.

१४ नोव्हेंबर
धरमसिंग आला नाही. हरिसिंग दारव्ह्याला जाऊन चौकशी करून आले. एसटीच्या कंडक्टरला तो आठवतो: मिठाईचा पुडा घेतलेला, बहिणीचे नाव घेत फाट्यावर उतरलेला. फाट्यापासून तांडा दिसतो. तेथून माणूस हरवणे अशक्य आहे.

लोकांनी रान पिंजून काढले. लालीबाई माझ्याशी बोलत नाहीत. देवीलाल एवढेच म्हणाले की आता गोष्ट पुरी करा. अर्धी सोडली की वाट अर्धीच राहते. मी त्यांना समजावले की शेवट घाईने करता येत नाही, तो नायकाच्या स्वभावातून उगवावा लागतो. ते म्हणाले, “तुमचा उगवते तवा उगवो. तो पोट्टा तिकडे उपाशी हाय.”

१८ नोव्हेंबर
भाऊबीज. दिवसभर लालीबाई ओवाळणीचे ताट घेऊन वाटेकडे पाहत बसल्या होत्या. उन्हे कलली तेव्हा त्यांनी मला हाक मारली, पाटावर बसवले, ओवाळले. रिकाम्या पाटाला ओवाळणे अशुभ, असे त्या म्हणाल्या. “आता तुमीच जमनीचे मामा.”

मी गहिवरलो. देवीलाल मात्र उठून निघून गेले.

२० नोव्हेंबर
धरमसिंगबद्दल पोलिसांत वर्दी द्यावी म्हणून सकाळी दारव्ह्याकडे निघालो. ओढा ओलांडला, चढ चढलो, आणि समोर शाळेची ओसरी. याचे कारण सोपे आहे: माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित बळकट असतो, त्यामुळे खुणा नसतील तर तो वर्तुळात चालतो. उद्या खुणा करीत जाईन.

२१ नोव्हेंबर
खुणा केल्या. प्रत्येक झाडाला खडू. त्याच खुणा पाहत पाहत ओसरीवर आलो.

२२ नोव्हेंबर
हरिसिंग सोबत आले. मी त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या पागोट्यावर नजर ठेवून चालत होतो. पागोटे एका वळणाआड गेले. मी वळलो तो शाळा. संध्याकाळी ते दारव्ह्याहून परतले आणि उलट मलाच विचारू लागले, “मास्तर, काहून परतले? मी बोलत होतो, तुमी हूं हूं म्हनत होते.”

मी एकदाही ‘हूं’ म्हटले नव्हते.

२४ नोव्हेंबर
वाचन बंद ठेवले होते. आज दुपारी एकटाच असताना सवयीने एक वाक्य मोठ्याने वाचले. भिंतीपलीकडून ‘हूं’ आले. पलीकडे मोकळे शेत आहे.

लालीबाईंना बोलावले. पुन्हा वाचले. ‘हूं’. त्या भिंतीला गाल लावून रडू लागल्या. धरमसिंगचाच आवाज, म्हणाल्या. वाचत गेलो तसा आवाज जवळ आला. थांबलो तसा दूर गेला.

२५ नोव्हेंबर
लालीबाईंनी बाहेरून कडी घातली आहे. झरोक्यातून भाकर देतात आणि हात जोडतात. भिया म्हणजे भाऊ, असे मला आता म्हणतात. “वाचा ना, भिया. तो आवाजामागं चालून राह्यला.” मी रागावू शकत नाही. भावाला हाक मारायला त्यांच्याजवळ माझ्या आवाजाखेरीज काहीच नाही.

पण मी वाचतो तेव्हा खिडकीतली टेकडी थोडी मागे सरकते. हेही नोंदवून ठेवतो. निरीक्षण सोडता कामा नये.

२७ नोव्हेंबर
लिहिलेले सारे वाचून संपले. आता शेवट लिहायलाच हवा. देवीलाल झरोक्याशी आले. मी विचारले, गोष्ट पुरी झाली की दोघांचीही वाट सुटेल ना? ते म्हणाले, “तिनं तुले मामा म्हणून ओवाळाले नोको होतं.”

२८ नोव्हेंबर
उकंडाला घरी पोचवले. शेवटचे वाक्य वाचले: ‘दारात बहीण उभी होती.’ ‘हूं’ अगदी कानाशी आले —

कडी निघाली. उन्हात धरमसिंग उभा. दाढी वाढलेली, हातात मिठाईचा पुडा. लालीबाई त्याला बिलगल्या. मी हाक मारली. कोणी वळले नाही. त्यांच्याकडे चालू लागलो — चालतोच आहे — अंगण येत नाही.

बहुधा २९
घर दिसते. माणसे दिसतात. मधली वाट संपत नाही.

हरिसिंगांनी माझे कागद उचलून ओसरीवर एक ओळ वाचली. माझे पाय आपोआप पुढे पडले — अंगण जवळ आले — तोंडून निघाले, ‘हूं’.

ते पांढरे पडले. लालीबाईंनी कागद हिसकावले, पेटीत घातले, वर बसल्या. डोळ्यांना पदर. मला कळते. भाऊ परत मिळालाय. आता त्या घरात दिवसा कोण वाचणार —

तारीख —
फक्त ही वही जवळ. पाने वाटेवर टाकत चाललो आहे. ज्याला सापडतील त्याने एक साधा प्रयोग करावा. कठीण काही नाही. दिवस असावा. खोलीत दुसरे कोणी नसावे. यातले कोणतेही एक वाक्य मोठ्याने वाचा. थांबा. कान द्या.

काही ऐकू आले तर घाबरू नका — तो मी — कृपा करून थांबू नका, पुढचे वाक्य वाचा — मी चाललो आहे — आणखी एक — आता दार दिसते आहे, तुमचे —